ऑपरेटिंग सिस्टीम

संगणकाचे हार्डवेअर आणि त्यावर चालणारे प्रोग्रॅम यांच्यामध्ये काम करणारी मूलभूत सॉफ्टवेअर प्रणाली. प्रोसेसरचा वेळ, मेमरी, डिस्क आणि जोडलेली उपकरणे कोणत्या प्रोग्रॅमला केव्हा आणि किती मिळावीत हे ती ठरवते. एका प्रोग्रॅमची चूक दुसऱ्याला भोवू नये हेही तीच पाहते. विंडोज, मॅकओएस, लिनक्स, अँड्रॉइड आणि आयओएस ही तिची नेहमीची उदाहरणे. आयकॉन आणि मेन्यू हा तिचा वरचा थर. मुख्य काम आतला कर्नल, म्हणजे तिचा गाभा, करतो, म्हणून मॉनिटर नसलेल्या सर्व्हरवरही ऑपरेटिंग सिस्टीम पूर्णच असते.

बूट : बटण दाबल्यावर आधी मदरबोर्डवरच्या चिपमधले फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच कायम साठवलेला प्रोग्रॅम, जागे होते. जुन्या यंत्रांत ते बायोस, नव्यांत यूईएफआय. ते मेमरी आणि डिस्क तपासून बूटलोडरला चालना देते, बूटलोडर कर्नल मेमरीत आणतो, कर्नल ड्रायव्हर (एकेक उपकरण हाताळणारे प्रोग्रॅम) सुरू करतो आणि मग पहिली प्रोसेस, म्हणजे चालता प्रोग्रॅम, चालू होते. लिनक्समध्ये तिचा क्रमांक नेहमी 1 असतो. यंत्र कुठे अडले यावरून बिघाड कुठे शोधायचा ते कळते. ‘बूट डिव्हाइस सापडले नाही’ असा संदेश आला तर विंडोज नव्याने टाकण्याआधी डिस्कची केबल आणि फर्मवेअरमधला बूटक्रम पाहावा. लोगो येऊन वर्तुळ फिरतच राहिले, तर फर्मवेअर आणि बूटलोडर यांनी आपले काम केलेले असते. अडचण बहुधा ड्रायव्हर किंवा सिस्टीम फाइलींत असते आणि सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त अत्यावश्यक ड्रायव्हरांसह यंत्र सुरू केल्यावर, ती हाती लागण्याची शक्यता जास्त.

संरक्षण : प्रोसेसर दोन पातळ्यांवर चालतो. कर्नलला सर्व आज्ञा खुल्या असतात, साध्या प्रोग्रॅमला नाहीत. फाइल उघडणे, नेटवर्कवर काही पाठवणे अशा कामांसाठी प्रोग्रॅमला सिस्टीम कॉल करून कर्नलकडे मागणी करावी लागते. साध्या प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या मेमरीला हात लावला तर कर्नल तेवढाच प्रोग्रॅम बंद करतो. पण ड्रायव्हर बहुधा कर्नलच्याच पातळीवर चालतात, म्हणून त्यांच्यातली चूक सगळे यंत्र पाडते. 19 जुलै 2024 रोजी नेमके हेच घडले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे त्याचा कर्नल पातळीवरचा ड्रायव्हर मेमरीत नको तिथे वाचू लागला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली. यंत्र सुरू होतानाच कोसळत असल्याने अनेक ठिकाणी सेफ मोडमध्ये जाऊन अपडेटची सदोष फाइल हाताने काढावी लागली.

मेमरी : संगणक ‘स्लो’ झाल्याच्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा इथे असते. कर्नल प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतंत्र, आभासी मेमरी दाखवतो. ती साधारणपणे 4 केबीच्या पानांत विभागलेली असते आणि कोणते पान खऱ्या रॅममध्ये कुठे आहे याची नोंद पेज टेबलमध्ये राहते. रॅम भरली की कमी वापरातली पाने डिस्कवर जातात आणि लागली की परत आणली जातात. रॅममधून वाचायला सुमारे 100 नॅनोसेकंद लागतात, एसएसडीवरून साधारण 100 मायक्रोसेकंद, फिरत्या हार्डडिस्कवरून 10 मिलिसेकंदांच्या आसपास. म्हणजे रॅमच्या लाखपट वेळ. सतत वापरातली पानेच रॅममध्ये मावेनाशी झाली की प्रोसेसर रिकामा बसतो आणि सगळा वेळ ने-आण करण्यात जातो. याला थ्रॅशिंग म्हणतात. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी जवळजवळ भरलेली, डिस्क 100 टक्के आणि सीपीयू मात्र निवांत दिसला तर रॅम वाढवावी किंवा ब्राउझरचे टॅब कमी करावेत. नव्या प्रोसेसरने यात काही फरक पडत नाही. 32-बिट सिस्टीममध्ये एका प्रोग्रॅमला 4 जीबीपलीकडचा पत्ताच सांगता येत नाही, हीही एक मर्यादा.

फाइली : ‘कॉपी झाली’ असे दिसले तरी मजकूर काही काळ रॅममधल्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, असू शकतो. म्हणून पेन ड्राइव्ह ‘इजेक्ट’ करूनच काढावा. जागा असूनही मोठा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर जात नसेल तर त्याची फाइल सिस्टीम, म्हणजे फाइली साठवण्याची रचना, पाहावी. फॅट32 मध्ये एक फाइल 4 जीबीपर्यंत पोहोचू शकत नाही. आतले सर्व दुसरीकडे ठेवून तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की प्रश्न मिटतो.

लिपी : देवनागरीतली जोडाक्षरे आणि वेलांट्या जागच्या जागी बसवण्याचे काम बहुतेक प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टीमवर सोपवतात. विंडोज 2000 पासून युनिकोड मराठी, मंगल फॉन्ट आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळू लागले. विंडोज एक्सपीवर मात्र रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण करून, बहुधा मूळ सीडी घालून, त्यासाठीच्या फाइली टाकाव्या लागत. त्या नसल्या की पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाई आणि जोडाक्षरे हलंतासह सुटी दिसत. फाइल ठीकच असे, बिघाड फक्त दाखवण्यात असे. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेची, डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर आधारलेली बॉस ही प्रणाली मराठीसह अनेक भारतीय भाषांसाठीच घडवली गेली.

प्रकार : कोणाचा वेळ मोलाचा, या प्रश्नाच्या उत्तरातून बहुतेक प्रकार निघाले.

सुरुवातीला यंत्राचा वेळ सर्वांत महाग होता. जनरल मोटर्सने 1956 मध्ये आयबीएम 704 साठी केलेली प्रणाली एकामागून एक कामे आपोआप चालवी, म्हणजे माणूस टेप बदलेपर्यंत यंत्र थांबत नसे. ही बॅच पद्धत. पगारपत्रके आणि बँकांचे दिवसअखेरीचे हिशेब आजही तिनेच होतात. तिचा तोटा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला होई: एक स्वल्पविराम चुकल्याचे तासन् तासांनी कळे.

मग माणसाचा वेळ वाचवण्यासाठी टाइम-शेअरिंग आले. एमआयटीमध्ये 1961 साली दाखवलेली सीटीएसएस ही त्यातली आद्य प्रणाली. टायमर ठरावीक अंतराने प्रोसेसरला थांबवतो, कर्नल चालू कामाची स्थिती जपून ठेवतो आणि पुढच्याला पाळी देतो. पाळी मिलिसेकंदांची असल्याने प्रत्येकाला यंत्र आपलेच वाटते. युनिक्स (1969) याच परंपरेतली. 1973 मध्ये ती सी भाषेत पुन्हा लिहिली गेली आणि एका यंत्राला बांधलेली राहिली नाही. लिनस टोरवाल्ड्सचे लिनक्स (1991) आणि आजचे मॅकओएस तिच्याच वळणाचे आहेत.

एमएस-डॉस (1981) एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवी आणि त्याला सगळी मेमरी खुली असे. तो अडकला की यंत्रच बंद करून चालू करायचे. विंडोज 3.1 मध्ये प्रोग्रॅमने आपणहून पाळी सोडावी लागे, म्हणून एक हटून बसला की सगळे ठप्प. आजच्या विंडोजचा पाया 1993 च्या विंडोज एनटीचा आहे.

रिअल-टाइम प्रणालीत वेगापेक्षा मुदत महत्त्वाची. एअरबॅग सरासरीने लवकर उघडून भागत नाही, दर वेळी वेळेतच उघडावी लागते. 1997 मध्ये मंगळावर उतरलेले पाथफाइंडर यान व्हीएक्सवर्क्स या रिअल-टाइम प्रणालीवर चालत होते आणि ते पुनःपुन्हा रीसेट होऊ लागले. हवामानाच्या नोंदींचे कमी प्राधान्याचे काम एक सामायिक कुलूप (एका वेळी एकाच कामाला मिळणारी परवानगी) धरून बसे, मधल्या प्राधान्याचे काम त्याला बाजूला सारी आणि त्याच कुलपासाठी थांबलेले उच्च प्राधान्याचे काम ताटकळे. ते वेळेत झाले नाही की यान स्वतःला रीसेट करी. पृथ्वीवरून प्रायॉरिटी इनहेरिटन्स चालू करण्यात आले: कुलूप धरणाऱ्याला थांबलेल्याचे प्राधान्य तात्पुरते मिळू लागले आणि रीसेट थांबले.

मोबाइल प्रणालींत बॅटरी मोलाची. अँड्रॉइड लिनक्स कर्नलवर चालते आणि प्रत्येक अॅपला स्वतंत्र वापरकर्ता क्रमांक देते, म्हणून एका अॅपला दुसऱ्याचा खासगी डेटा दिसत नाही. मागे गेलेले अॅप ती गोठवते आणि रॅम कमी पडली तर बंद करते. त्यामुळे अलीकडची सगळी अॅप सारखी सरकवून बंद केल्याने सहसा बॅटरी वाचत नाही. पुढच्या वेळी तेच अॅप पहिल्यापासून उघडण्यात जास्त खर्च होतो.