अंड्यातली ताकद मोजायची कशी?

गिरगावातल्या आमच्या चाळीत नववीतल्या दोन मुली विज्ञान प्रदर्शनासाठी विषय शोधत होत्या. ज्वालामुखी आणि ठिबक सिंचन वर्गातल्या इतरांनी आधीच पटकावलेलं. तेवढ्यात एकीची आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, "ती पांढरीफटक अंडी कसली खाता? ताकद असते गावठीत!" मुलींना विषय मिळाला. मी रसायनशास्त्र शिकलेला, म्हणून त्यांना मी मिळालो.

पहिली अडचण 'ताकद' या शब्दाचीच. ती काही परीक्षानळीत पकडता येत नाही. आजींना खोदून विचारलं, तेव्हा बोलणं प्रथिनांवर आलं. चला, निदान मोजता येण्याजोगं काहीतरी हाती लागलं.

शाळेत जमण्यासारखी चाचणी म्हणजे बायुरेट, प्रथिन असलं की रंग बदलणारी. तिचं द्रावण प्रिन्सेस स्ट्रीटवर तयार मिळतं. त्यातला मुख्य घटक मोरचूद, शिवाय कॉस्टिक सोडा. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. साखळीतल्या जोडांमधल्या नायट्रोजनला तांबं चिकटलं की निळं द्रावण जांभळं होतं. जोड जितके जास्त, तितका जांभळा गडद.

अंड्याचा पांढरा भाग मात्र इतका दाट की तसाच घातला तर काहीच कळत नाही, म्हणून तो वीस पट पातळ करायचा. मुलींनी साधं पाणी ओतलं आणि नळीत ढग उतरले. पांढऱ्यातली काही प्रथिनं नुसत्या पाण्यात विरघळून राहत नाहीत, त्यांना थोडं मीठ लागतं. लिटरला ९ ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात तेच द्रावण बरंच निवळ झालं. गढूळ नळीत रंग बघणं म्हणजे धुक्यात लोकलची पाटी वाचणं, त्यामुळे ही पायरी गाळून चालत नाही.

रंग मोजायला मोबाइल पुरतो. जांभळं द्रावण हिरवा प्रकाश शोषतं. म्हणजे फोटोतला हिरव्या रंगाचा आकडा जितका खाली, तितकं प्रथिन जास्त. अंड्याच्या अल्ब्युमिनची, म्हणजे पांढऱ्यातल्या प्रथिनाची, पूड तोलून घ्यायची, तिची माहीत असलेल्या प्रमाणांची चार-पाच द्रावणं करायची आणि त्यांच्या पट्टीवर आपली नळी बसवायची. फक्त सगळ्या नळ्या एकाच फोटोत हव्यात. चाळीच्या खिडकीत ढग आला-गेला की अंड्याचं प्रथिन कमी-जास्त व्हायला लागतं!

निकाल? गावठी आणि पोल्ट्रीच्या अंड्यांतल्या पांढऱ्या भागांच्या नळ्या शेजारीशेजारी ठेवल्या तर कुठली कुणाची, सांगता येईना. आश्चर्य नाही. कोंबडी कुठलीही असो, पांढऱ्यात सुमारे ८८ टक्के पाणी आणि १० ते ११ टक्के प्रथिन असतं. मग एकीने वजनकाटा काढला आणि खरी गंमत तिथे झाली. गावठी अंडं बहुधा ४० ग्रॅमच्या आसपास, पोल्ट्रीचं ५० ते ६०. दर ग्रॅमला प्रथिन सारखंच, पण दर नगाला पोल्ट्रीचं अंडं पुढे. आजींच्या हिशेबात नगच मोजायचा असतो, आणि गावठी नगाला भावही जास्त पडतो. आजी त्या दिवशी कुणाशी फारसं बोलल्या नाहीत.

बलकाने मात्र मुलींना हरवलं. त्यात तिसरा हिस्सा स्निग्ध पदार्थ, त्यामुळे नळी दुधासारखी दिसते आणि जांभळा रंग त्यात बुडतो. खरं तर अंड्यातल्या सुमारे सहा ग्रॅम प्रथिनांपैकी ४० टक्क्यांच्या वर बलकातच असतं. व्यायामशाळेतून येऊन बलक फेकणाऱ्यांनी हे ऐकावं. बलकातलं प्रथिन मोजायला प्रयोगशाळेत केल्डालची रीत वापरतात. योहान केल्डाल या डॅनिश रसायनज्ञाने ती १८८३ साली मांडली. पदार्थ तीव्र गंधकाम्लात उकळायचा, नायट्रोजन मोजायचा आणि त्याला ६.२५ ने गुणायचं, कारण प्रथिनात साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे इथेही थेट प्रथिन मोजलं जात नाही, मोजला जातो नायट्रोजन. चीनमध्ये भेसळखोरांनी याचाच फायदा घेतला. दुधात नायट्रोजनने ठासून भरलेलं मेलामाइन मिसळलं आणि कागदावर प्रथिन वाढवलं. २००८ साली ते उघड झालं, तोवर हजारो तान्ही मुलं आजारी पडली होती.

मुलींनीही नकळत असंच काहीसं केलं. लिंबातलं 'सी' जीवनसत्त्व शोधायची चाचणी त्यांना ठाऊक होती. स्टार्च आणि आयोडीनचा निळा रंग उडाला की 'सी' आहे. त्यांनी पांढरा भाग घातला, रंग फिका पडला, आणि वहीत लिहिलं, 'अंड्यात सी जीवनसत्त्व आढळले'. पण अंड्यात ते नसतं. पांढऱ्यातल्या प्रथिनांमध्ये गंधक असलेले काही गट असतात, आयोडीन त्यांच्याशीही जुळतं. नळीने आयोडीन संपल्याचं खरं सांगितलं होतं. ते कुणी संपवलं, हे वहीत मुलींनी परस्पर ठरवलं. मी ते पान फाडू दिलं नाही. परीक्षकांना तेच आधी दाखवा म्हटलं.

शेवटी टरफल उरलं. ते बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट. आतला पापुद्रा सोलून टरफल वाळवायचं, कुटायचं, अर्धा ग्रॅम भुकटी मोजून घेतलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात टाकायची. फसफस थांबल्यावर जरा उकळून थंड करायचं आणि उरलेलं आम्ल कॉस्टिक सोड्याने मोजायचं. त्यात रंग दाखवायला घातलेल्या फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग टिकला की थांबायचं. टरफलाने किती आम्ल संपवलं, त्यावरून कॅल्शियम कळतं. समजा टरफल साडेपाच ग्रॅमचं आहे. मग त्यात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम निघतं, प्रौढ माणसाची दोन दिवसांची गरज. आणि आपण खातो त्या भागात? जेमतेम २५ ते ३० मिलिग्रॅम.

"मग कोंबडीने चांगलं ते बाहेर का ठेवलं?" एकीने विचारलं. कोंबडीने ते ऑम्लेटसाठी ठेवलेलं नसतं. पिल्लू २१ दिवसांत हाडं घडवताना लागणारं बहुतेक कॅल्शियम टरफलातूनच ओढून घेतं, आणि 'सी' जीवनसत्त्व ते स्वतःच तयार करतं.