ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे हो!

शिक्षण परिषदेत कुणीतरी फळ्यावर लिहितंच: "धन प्रबलन म्हणजे बक्षीस, ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा." डी.एड.ला असंच घोकलेलं असतं. ते वाचलं की माझा चहा कडू होतो. प्रबलन म्हणजे ज्याने एखादं वागणं वाढतं ते, मग काही देऊन असो की काही काढून.

शिक्षा म्हणजे काय ते शिक्षकाला सांगायला नको: जिच्यामुळे एखादं वागणं कमी होतं ती गोष्ट. त्यातली छडी आणि अपमान शिक्षण हक्क कायदा 2009च्या कलम 17ने बंद केलेत, तो विषय संपला.

'ऋण' हे इथे नुसतं वजाबाकीचं चिन्ह आहे. मानसशास्त्राच्या प्रयोगात पेटीतल्या उंदराने कळ दाबली की विजेचा झटका थांबतो, म्हणून तो कळ पुन्हापुन्हा दाबतो. नकोसं गेलं, वागणं वाढलं, म्हणून ते प्रबलन. उलट, भिंतीवरच्या तक्त्यात चांगल्या वागण्याबद्दल दिलेली चांदणी काढून घेणं हीही वजाबाकीच. पण त्याने वागणं कमी झालं तर ती शिक्षा. (ते तक्ते मला मुळीच आवडत नाहीत. तळाला कायम तीच दोन पोरं.)

खरी गफलत पुढे आहे. नाव ठरतं ते परिणामावरून. गुरुजींच्या मनात काय होतं त्यावरून नाही.

आमची शाळा द्विशिक्षकी. वर्गावर पत्रे, पडवीवर अजून जुनी कौलं. जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळतो, खाली दोन इयत्ता पाढे ओरडतात. तिसरीतला एक स्वमग्न मुलगा आधी कानांवर हात ठेवायचा, मग पाटी आपटायचा. मी म्हणायचो, "चल, हो बाहेर!" तो चिऱ्याच्या जोत्यावर बसून पागोळ्या बघायचा. माझ्या लेखी शिक्षा. त्याच्या लेखी गोंगाट गेला. आठवड्यात पाटी आपटणं दुपटीने वाढलं. वाढवलं मीच.

फिरतीवर येणाऱ्या विशेष शिक्षिका म्हणाल्या, "पडवी तीच ठेवा, कळ बदला." आम्ही पुठ्ठ्यावर पडवीचं चित्र काढलं. कार्ड दाखवलं की पाच मिनिटं बाहेर. कानांवर हात गेले रे गेले की मीच कार्डाकडे बोट करायचो, पाटी उचलायच्या आत. हेही ऋण प्रबलनच. फक्त आता आपटण्याऐवजी कार्डाने मागणं वाढलं. सहकारी म्हणाले, "लाड चाललेत." चालू देत.

श्रावणात पहिलीतली एक पोर तेच कार्ड घेऊन समोर उभी राहिली. आता पुठ्ठे दोन आहेत.