एका वेळी एकच घटक बदलावा, हा नियम खरा आहे का?

प्रयोगात एका वेळी एकच घटक बदलावा, नाहीतर तो प्रयोग अशास्त्रीय ठरतो, असे विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवले जाते. नवशिक्यासाठी हा नियम सोयीचा आहे, पण प्रयोगाच्या वैधतेची अट म्हणून तो चुकीचा आहे. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी १९२६ सालीच तो स्पष्टपणे नाकारला होता.

खरा दोष असतो तो दोन घटक नेहमी जोडीनेच बदलण्यात. खत आणि पाणी दोन्ही त्याच वाफ्यांना वाढवून दिले, तर फरक कशामुळे पडला हे सांगता येत नाही. मात्र दोन्ही कमी, फक्त खत जास्त, फक्त पाणी जास्त आणि दोन्ही जास्त अशा चारही जोड्या प्रत्येकी २ वाफ्यांत ठेवल्या, तर ८ वाफ्यांतच प्रत्येक घटकाची तुलना ४ विरुद्ध ४ अशी होते. एकेक घटक बदलून ४ विरुद्ध ४ अशीच तुलना हवी असेल, तर १२ वाफे लागतात. शिवाय, आणि मला हेच अधिक महत्त्वाचे वाटते, पाणी पुरेसे असतानाच खत लागू पडते का, हा प्रश्न त्या जुन्या पद्धतीने सुटतच नाही, कारण दोन्ही जास्त असलेला वाफा तिच्यात कधी येतच नाही.

कोणत्या वाफ्याला कोणती जोडी द्यायची हे मात्र चिठ्ठ्या टाकूनच ठरवावे, अन्यथा जमिनीचा मूळचा कस खताच्या नावावर जमा होऊ शकतो.