फुटलेलं जुनं पोर्सेलीन आमच्याकडे आणण्यापूर्वी

भांडं फुटलं की हात आपोआप केरसुणीकडे जातो. तेवढा एक हात आवरा. आधी मोबाइलवर फोटो काढा, तुकडे जिथे आणि जसे पडलेत तसेच. मग खाली बसून एकेक तुकडा उचला. कपाटाखाली, पायपुसण्याच्या धाग्यांत, खुर्चीच्या पायाशी नीट बघा. सगळ्यात शेवटी कोरड्या मऊ ब्रशने रव्याएवढे कणसुद्धा कागदावर ओढून घ्या आणि पुडीत बांधून ठेवा. हे पत्रक पुढे वाचायला वेळ झाला नाही तरी एवढं केलंत तर आमचं, म्हणजे जोडणाऱ्यांचं, निम्मं काम झालं.

२००६ सालच्या जानेवारीत इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात एक पाहुणे बुटाच्या सुटलेल्या नाडीवर पाय पडून जिन्यात घसरले. तिथे खिडकीत ठेवलेल्या, सुमारे तीनशे वर्षं जुन्या तीन मोठ्या चिनी फुलदाण्यांचा चुरा झाला. संग्रहालयाच्या माणसांनी तुकडे कुठे पडलेत याची नोंद केल्याशिवाय जिना झाडला नाही. त्या फुलदाण्या पुढे पुन्हा उभ्या राहिल्या. जोडणारे हात कुशल होतेच, पण त्या हातांपर्यंत तुकडे पोचले म्हणून हे झालं.

घरी काय करू नये

तुकडे एकमेकांना लावून बघायचा मोह सगळ्यांनाच होतो. लावू नका. पोर्सेलीनची तुटलेली कड काचेसारखी तीक्ष्ण असते आणि ती कड हाच आमचा नकाशा असतो. दोन कडा एकदा जरी घासल्या तरी झिलईची बारीक धार उडते, आणि मग सांधा कितीही चांगला बसला तरी वर पांढरी रेघ राहते.

चिकटपट्टी लावू नका. जुन्या बशीच्या काठावरचा सोनेरी वर्ख आणि झिलईवर काढलेली फुलं पट्टीबरोबर निघून येतात.

आणि झटपट चिकटणारा गोंद तर मुळीच नको. दहा-पंधरा सेकंदांत तो घट्ट होतो, म्हणजे चूक सुधारायला वेळच उरत नाही. पहिला तुकडा केसभर सरकून बसला की दुसरा थोडा अधिक सरकतो, आणि पाचव्या-सहाव्या तुकड्यापर्यंत शेवटच्याला जागाच उरत नाही. आमच्याकडे येणाऱ्या कामात नुसत्या फुटलेल्या वस्तू कमी आणि घरी चिकटवून मग आणलेल्या जास्त असतात. आधी तो गोंद सोडवायचा, कडा साफ करायच्या, मग जोडायचं. त्या कामाचे तास तुमच्या बिलात येतात आणि ते लावताना आम्हालाही वाईट वाटतं.

सगळी चिनी माती एक नसते

मराठीत आपण लोणच्याच्या बरणीलाही चिनी माती म्हणतो, चहाच्या कपबशीलाही आणि आजोबांनी मुंबईहून आणलेल्या पातळ फुलदाणीलाही. जोडकामाच्या दृष्टीने या तीन वेगळ्या वस्तू आहेत.

खरं पोर्सेलीन पांढऱ्या केओलीन मातीचं. चीनमधल्या जिंगदेझेनजवळच्या गाओलिंग या जागेवरून त्या मातीचं हे नाव पडलं. ही माती एका खास दगडाच्या पुडीबरोबर मळून सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजली की आतली सगळी छिद्रं बुजतात आणि ती जवळजवळ काच होते. म्हणून पातळ वाटी उजेडासमोर धरली तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते. युरोपला हे गुपित उलगडायला अठरावं शतक उजाडावं लागलं. जर्मनीतल्या माइसनचा कारखाना १७१० सालचा. इंग्रजांनी पुढे हाडांची राख घालून बोन चायना केलं, ते किंचित दुधाळ दिसतं. आपली बरणी मात्र जाड, करड्या अंगाची आणि वरून झिलई दिलेली.

आम्ही तुटलेल्या कडेवर पाण्याचा एक थेंब ठेवून बघतो. थेंब तसाच राहिला तर अंग घट्ट आहे. शोषला गेला तर अंग सच्छिद्र आहे आणि मग डाग, गोंद, तेल सगळंच आत झिरपलेलं असणार. तुमच्याकडे कोणतं भांडं आहे हे ओळखायची जबाबदारी तुमची नाही. फक्त ते पाण्यात भिजत घालू नका. घरगुती ब्लीचही वापरू नका. त्यातले क्षार चिरेत राहतात आणि कालांतराने फुलून झिलईचे टवके काढतात.

‘भट्टीत पुन्हा भाजून चिकटवता येत नाही का?’

हा प्रश्न दर आठवड्याला येतो आणि तो रास्त आहे. उत्तर ‘नाही’ असं आहे. झिलई वितळेल एवढी आच दिली तर भांडं आकार सोडू लागतं. झिलईवरचे लाल, हिरवे, गुलाबी रंग आणि सोनं त्याहून खूप कमी आचेवर पक्के केलेले असतात, ते जळून जातात. शिवाय शंभर-दीडशे वर्षांत बारीक चिरांमध्ये शिरलेली ओल आणि मळ भट्टीत उसळून नवे फोड आणतात. म्हणून आमचं सगळं काम खोलीच्या तापमानाला चालतं.

काम कसं चालतं

वस्तू आली की पहिल्यांदा तिच्यावर अंधारात अतिनील दिवा फिरवतो. साध्या उजेडात अखंड दिसणारी फुलदाणी त्या दिव्याखाली आपली जुनी दुखणी उघड करते: लाखेचा जोड नारिंगी चमकतो, अलीकडचे रंग आणि गोंद झिलईपेक्षा वेगळे उठून दिसतात. कितीतरी घरांना आपली वस्तू आधीही एकदा फुटली होती हे इथेच कळतं.

मग सफाई. चिरेत शिरलेला चहाचा तपकिरी डाग काढायचा तर आधी शुद्ध पाण्याने चीर ओली करून घेतो, नाहीतर औषध डागाला आणखी आत ढकलतं. त्यानंतर सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवलेल्या कापसाच्या पट्ट्या ठेवायच्या आणि वाट बघायची. कधी दोन दिवस लागतात, कधी दहा.

त्यानंतर गोंद न लावता जुळवणी. कोणता तुकडा आधी आणि कोणता नंतर, हे इथे ठरतं. क्रम चुकला तर शेवटचा तुकडा आत शिरायला वाटच उरत नाही. यात एक गोष्ट ग्राहकांना नेहमी नवी वाटते. भट्टीतून निघताना भांड्याच्या अंगात ताण राहून गेलेला असतो. फुटताना तो सुटतो आणि भांडं किंचित उघडतं. मोठ्या ताटलीची चीर काठाकडे एका बाजूने वर उचललेली दिसते ती याच कारणाने. अशा ताटलीला हळूहळू आवळून, दोन-तीन दिवस धरून ठेवून मूळ जागेवर आणावं लागतं. सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका ताटलीवर आम्ही घाई केली आणि चीर बोटभर पुढे गेली. मालकांना आम्ही तसं सांगितलं. तेव्हापासून ताण सुटलेल्या वस्तूची तारीख आम्ही देत नाही.

जुळवणी पक्की झाली की पाण्यासारखा पातळ इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव मिसळून घट्ट होणारा गोंद, सांध्यावर टेकवतो. पणतीच्या वातीत तेल चढावं तसा तो आपणहून चिरेत चढतो. पूर्ण घट्ट व्हायला त्याला साधारण आठवडा लागतो. हाच का वापरायचा? काचेवरचा ओरखडा पाणी पडलं की दिसेनासा होतो, कारण पोकळीतली हवा जाऊन तिथे उजेडाला जवळपास काचेइतकंच वाकवणारं काहीतरी येतं आणि तो आरपार जातो. हा इपॉक्सी पोर्सेलीनमध्ये तेच करतो.

संग्रहालयांमध्ये जोडायला पॅरालॉइड बी-७२ नावाचं अॅक्रिलिक फार वापरतात. ते अॅसिटोनमध्ये केव्हाही विरघळतं, म्हणून आम्हालाही प्रिय आहे. पण ते ४० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. थंड दालनात ठीक, पण नागपूरच्या मे महिन्यात किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत किटलीचा कान त्याच्या भरवशावर सोडता येत नाही. म्हणून वजन पेलणाऱ्या सांध्यांना इपॉक्सी. तो विरघळत नाही, पण योग्य द्रावकात फुगतो आणि सांधा सुटतो. हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं. उद्या आमच्यापेक्षा हुशार हात आणि चांगला माल येईल, तेव्हा आमचं काम मूळ वस्तूला धक्का न लावता काढून टाकता आलं पाहिजे.

उडालेल्या टवक्याच्या जागी इपॉक्सीत अतिशय बारीक सिलिका आणि रंगद्रव्य मिसळून भरतो. कपाचा कानच हरवला असेल तर जोडीच्या कपाच्या कानाचा साचा घेतो, दाताचे डॉक्टर माप घ्यायला वापरतात तशाच सिलिकॉनचा. मग रंग. पांढरा रंग सगळ्यांत अवघड. चिनी पोर्सेलीनचा पांढरा निळसर असतो, बोन चायनाचा सायीसारखा, आणि एकाच बशीत मध्यभागी आणि काठाला तो बदलतो. साडी घेताना आपण ती दुकानाच्या दाराशी उन्हात नेऊन बघतो, तसा आम्ही रंग खिडकीच्या उजेडात, ट्यूबखाली आणि पिवळ्या बल्बखाली तिन्हीकडे बघतो. निळी नक्षी झिलईच्या खाली असते, म्हणून आमचा निळा आधी आणि त्यावर पारदर्शक थर, तरच ती खोली येते.

रंग आम्ही फक्त भरलेल्या जागेवर लावतो. शेजारच्या मूळ झिलईवर फवारा मारून सांधा लपवणं सोपं असतं आणि पाहणाराही खूश होतो, पण त्याने खरी वस्तू झाकली जाते. आमचं काम हातभर अंतरावरून दिसू नये, आणि वस्तू हातात घेऊन उलटी केली की कळावं. प्रत्येक वस्तूबरोबर काय केलं त्याचा लेखी कागद आणि फोटो देतो. पुढे विकायची झाली तर तो कागद घेणाऱ्याला दाखवा, ही आमची विनंती आहे.

तारेचे टाके

जुन्या बशीच्या मागे कधी कधी धातूचे छोटे टाके दिसतात, शिवण घातल्यासारखे. चांगले गोंद नव्हते तेव्हाची ही दुरुस्ती. कारागीर हिऱ्याच्या टोकाच्या सामत्याने चिरेच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडायचा. भोक आरपार जाऊ द्यायचं नाही, दोन-तीन मिलिमीटरच्या जाडीत मध्येच थांबायचं. मग आत वळवलेल्या पायांचा टाका ताणून बसवायचा, की तो दोन्ही तुकडे आवळून धरे.

एक बाई सासूबाईंची अशी बशी घेऊन आल्या. टाके कुरूप दिसतात, काढून टाका, म्हणाल्या. आम्ही त्यांना भिंगातून ती भोकं दाखवली. सात टाके होते आणि एकही भोक पुढच्या बाजूला उतरलेलं नव्हतं. त्यांनी ते ठेवले. टाका गंजून झिलई फोडत असेल तर तो काढतोच, पण शाबूत असेल तर आम्ही राहू द्या असंच सुचवू.

सोन्याचे सांधे

जपानी किंत्सुगीची, म्हणजे सांधा न लपवता सोनेरी करून दाखवण्याच्या दुरुस्तीची, मागणी अलीकडे खूप येते. खरी किंत्सुगी उरुशी या झाडाच्या चिकाने होते, सोनं फक्त वरची भुकटी. हे झाड आपल्या बिब्ब्याच्या कुळातलं, आंबा-काजूही त्याच कुळातले. बिब्बा उततो तसा हा कच्चा चीकही अंगावर उततो. तो उन्हात वाळत नाही, दमट हवेत घट्ट होतो, त्यामुळे आमच्याकडे ही कामं पावसाळ्यात नीट होतात. एक वाटी व्हायला दोन-तीन महिने धरा. इपॉक्सीत सोनेरी पूड मिसळून दोन दिवसांत मिळते ती किंत्सुगी नव्हे. कोणाला तेवढंच हवं असेल तर करून देऊ, पण कागदावर तसं लिहू.

नक्षीकाम असलेल्या जुन्या वस्तूला सोन्याची रेघ देऊ नये असं आमचं मत आहे. नजर चित्रावर जायच्या ऐवजी रेघेवर जाते. साध्या एकरंगी वाटीला ती फार शोभते.

खर्च आणि वेळ

दर तुकड्यांवर नाही, तासांवर ठरतो. वस्तू हातात घेतल्याशिवाय फोनवर आकडा सांगत नाही. अंदाज लेखी देतो आणि तो वाढणार असेल तर आधी विचारतो. दुरुस्तीचा खर्च वस्तूच्या बाजारभावापेक्षा जास्त होणार असेल तर तसं स्पष्ट सांगतो. तरीही पुष्कळ जण करून घेतात, कारण ती आईची असते.

परदेशातल्या मुलांकडे न्यायची वस्तू असेल तर आधी विचारा. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.

वस्तू घरी नेल्यावर

जोडलेल्या भांड्यात खाणंपिणं करू नका. मायक्रोवेव्ह, डिशवॉशर, उकळतं पाणी नको. कोमट पाण्यात ओला केलेला मऊ कपडा पुरे. किटली कानाला धरून उचलू नका, दोन्ही हातांनी पोटाखाली धरा. फुलदाणीत फुलं ठेवायची असतील तर आत काचेचा पेला ठेवून त्यात पाणी घाला. थेट ऊन पडेल तिथे ठेवू नका, उजेडाने इपॉक्सी वर्षांनुवर्षं पिवळा पडत जातो. पिवळेपणा दिसू लागला तर घेऊन या, आमच्या कामावरचा रंग पुन्हा जुळवून देऊ.

तुकडे आणताना प्रत्येक तुकडा वेगळ्या पांढऱ्या टिश्यूत गुंडाळा. वर्तमानपत्र नको, शाई कडांना लागते. गुंडाळलेले तुकडे डब्यात एका थरात ठेवा, वर कापूस किंवा जुनी सुती ओढणी. कणांची पुडी त्याच डब्यात टाका आणि पुडीवर ‘फेकू नये’ असं लिहा, कारण डबा उघडणारा हात दरवेळी आमचाच असेल असं नाही.