रात्री आभाळ आलं होतं का?

मार्चअखेर केदारकंठा ट्रेकला गेलेल्या आपल्याकडच्या मंडळींची एक तक्रार ठरलेली: समिटच्या दिवशी मध्यरात्र उलटते न उलटते तोच उठवतात कशाला? 'सूर्योदय दिसावा म्हणून' हे उत्तर अर्धंच खरं आहे. खरी घाई बर्फाची असते.

उत्तराखंडातल्या सांकरी गावातून निघालेली ही वाट जंगलातून चढत सुमारे ३,८०० मीटरच्या माथ्यावर जाते. वसंत लागला की इथला बर्फ दिवसा वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. एक किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापेल. त्यामुळे ऊन कितीही कडक असो, बर्फ शून्य अंशावरच अडकून राहतो. फक्त त्याच्या कणांमध्ये पाणी साचत जातं. कण गोल, टपोरे होतात आणि भिजलेल्या साबुदाण्यासारखे सुटे पडतात. मग पाय ठेवला की मांडीपर्यंत आत.

रात्री मात्र वेगळंच घडतं. डोळ्यांना पांढराशुभ्र दिसणारा बर्फ अवरक्त (इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या) किरणांच्या बाबतीत जवळजवळ काळ्या वस्तूसारखा वागतो, म्हणजे आपली उष्णता झपाट्याने आकाशात सोडतो. आभाळ निरभ्र असेल आणि हवा कोरडी, तर त्यातलं फारच थोडं परत येतं. हवा शून्याच्या दोन-तीन अंश वर असली तरी बर्फाचा पृष्ठभाग गोठू शकतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी थंडीत दवबिंदू गोठतात, त्यामागेही हीच करामत आहे. कणांमधलं पाणी गोठलं की ते एकमेकांना घट्ट चिकटतात आणि वर कडक पापुद्रा तयार होतो. तो पुरेसा जाड झाला की पाठीवरच्या सॅकसकट माणूस आरामात पेलतो. पहाटे पाचला त्यावर बुटाचा ठसासुद्धा नीट उमटत नाही, मायक्रोस्पाइक्सचे (बर्फावर घसरू नये म्हणून बुटांवर चढवायच्या काट्यांचे) दात तेवढे कचकच रुततात.

गंमत म्हणजे, झाडाखाली हा पापुद्रा कच्चाच राहतो. फांद्यांचं छप्पर बर्फाची उष्णता अडवतं आणि स्वतःचीही खाली पाठवतं. त्यामुळे उघड्या कुरणावर टणक लागलेला बर्फ जंगलात शिरताच दगा देतो. बर्फातून डोकावणाऱ्या खडकाजवळ तर आणखी जपून चालावं: काळा दगड उन्हाने तापतो, भोवतीचा बर्फ आतून पोखरला जातो, वरून काही कळत नाही.

ढगांचंही तसंच. रात्रभर आभाळ भरलेलं असेल तर ढग उष्णता परत पाठवत राहतात आणि पहाटेचा बर्फही दुपारसारखाच पिचपिचीत असतो. तीव्र उतारावर असा ओला बर्फ थरच्या थर घसरू शकतो. अशा वेळी गाइडने 'आज वर जायचं नाही' म्हटलं की 'पैसे भरलेत' हे पालुपद सुरू होतं. माझ्या मते गाइड चूक असला तरी त्याचंच ऐकावं.

गॉगलला मात्र पर्याय नाही. दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातले बहुतेक वर उलटवतो. म्हणून सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही लावायचं. डोळे भाजले तर ते लगेच समजत नाही. काही तासांनी, तंबूत परतल्यावर, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं.