वर्गाचा कार्यक्रम: गॅदरिंगमधली निवड कशी बदलत गेली

डिसेंबर जवळ आला की प्राथमिक शाळेच्या शिक्षकखोलीत एकच प्रश्न फिरतो: 'तुमच्या वर्गाचं काय बसवताय?' उत्तरात बहुतेक वेळा एखाद्या गाण्याचं नाव येतं. वर्गाचा कार्यक्रम म्हणजे स्पीकरवर गाणं लावून केलेला नाच, हे जणू आधीच ठरलेलं असतं. पूर्वी असं नव्हतं. मुलांचा आवाज मंचावरून कसा गेला, हे समजून घेतलं तर यंदाची निवडही जास्त डोळसपणे करता येते.

'गॅदरिंग' हा शब्द कॉलेजांच्या 'सोशल गॅदरिंग'मधून आला, त्याचं मराठी रूप 'स्नेहसंमेलन'. प्राथमिक शाळेकडे मात्र त्याआधीपासून स्वतःचं भांडवल होतं. कविता नुसती वाचायची नसे, चालीवर म्हणायची असे: ओवी, अभंग, दिंडी, साकी. डिप्टी (सरकारचे शाळा-तपासनीस) तपासणीला आले की मुलं उभी राहून तीच म्हणत. मुलींच्या शाळांत आश्विनात भोंडला असे, कुठे त्यालाच हादगा म्हणत. मध्ये पाटावर हत्तीचं चित्र, भोवती फेर आणि गाणी मुलींच्याच तोंडची. 1893 नंतर सार्वजनिक गणेशोत्सव फोफावला आणि त्याबरोबर मेळे आले: एकसारखा पोशाख केलेली मुलं, कवायतीच्या चालीवर हालचाल आणि एका सुरात म्हटलेली पदं. आजच्या समूहनृत्यातला 'सगळ्यांचा ड्रेस सारखा' हा आग्रह पाहिला की मेळ्याची आठवण होते. फरक एवढाच की मेळ्यातली मुलं गात.

विसाव्या शतकात दोन वेगळ्या वाटा उघडल्या. एक नाट्यछटेची. लेखक दिवाकर यांनी 1911 पासून हा प्रकार मराठीत रुजवला. मंचावर बोलणारा एकच, बाकीची माणसं त्याच्या बोलण्यातून दिसतात. शाळांनी तो उचलला आणि स्पर्धांमध्ये तो अजून टिकून आहे. पण नाट्यछटा एका मुलाची असते. ती चाळीसांच्या वर्गाचा कार्यक्रम म्हणून घेतली तर एक जण चमकतो आणि 39 जण बघत बसतात.

दुसरी वाट बालशिक्षणाची. शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये गुजरातमधल्या भावनगरला बालमंदिर, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. 1945 मध्ये त्याच परंपरेतल्या ताराबाई मोडक यांनी बोर्डी या गावी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या आणि 1957 मध्ये ते काम कोसबाडला गेलं. या परंपरेनं अभिनयगीत (हावभाव करत म्हणायचं गाणं) आणि गोष्टीचं नाट्यीकरण वर्गात आणलं. गिजुभाईंच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातली चौथीची मुलं संवाद पाठ न करता ऐकलेल्या गोष्टी करून दाखवतात. हे तंत्र आजही जसंच्या तसं चालतं: ओळखीची गोष्ट, चार प्रसंग, प्रत्येक प्रसंगाला ठरलेलं एक शेवटचं वाक्य आणि मधलं बोलणं मुलांचं. पाठांतर अडकून मंचावर पसरणारी ती भयाण शांतता इथे फारशी होत नाही, कारण विसरायला ठरावीक वाक्यच नसतं.

मग कॅसेट आली. 1980 च्या दशकात टेपरेकॉर्डर शाळेला परवडू लागला आणि पेटी वाजवणारे गुरुजी किंवा गाणाऱ्या बाई नसल्या तरी कार्यक्रम होऊ शकला. लहान गावातल्या शाळांना याचा खरोखर फायदा झाला. त्याच सुमारास शाहीर साबळे यांच्या 'महाराष्ट्राची लोकधारा' या कार्यक्रमाने कोळीनृत्य, गोंधळ, वासुदेव, जोगवा हे सगळं शहरी मंचावर एका माळेत आणलं आणि शाळांना तयार नमुना मिळाला. पण साबळ्यांच्या मंचावर गाणारे समोर उभे असत. शाळेने नाच घेतला, आवाज कॅसेटवर सोपवला. पुढे सीडी आली, पेन ड्राइव्ह आला, मोबाइल आला; ती सोपवणूक तशीच राहिली.

निवड चुकते ती बहुधा जागेच्या हिशोबात. भाड्याचा मंच 24 बाय 16 फुटांचा असला तरी पडदे आणि बाजू सोडून 20 बाय 14 हाती येतो. दुसरीच्या मुलाला हात पसरायला 4 फूट लागतात. म्हणजे एका ओळीत 5, चार ओळींत 20. लेझीम असेल तर प्रत्येकाला 5 फूट हवेत, म्हणजे 12 च मुलं. चाळीस जणांची लेझीम मंचावर कोंबली की चौथ्या ठोक्याला कुणाच्या तरी कोपराला लागते. लेझीम घ्यायचीच तर मंचासमोरच्या मैदानात घ्यावी.

गाण्याची लांबीही अशीच नडते. चित्रपटगीत साडेचार-पाच मिनिटांचं असतं. पहिली-दुसरीची मुलं अडीच ते तीन मिनिटांच्या हालचाली नीट लक्षात ठेवतात. गाणं अंतऱ्यानंतरच्या संगीतात, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) कापावं आणि कापलेल्या गाण्यावरच पहिल्या दिवसापासून सराव घ्यावा. रंगीत तालमीच्या दिवशी कापलं तर गळलेल्या कडव्याची वाट पाहत मुलं जागच्या जागी थबकतात. त्यांचा दोष नसतो, त्यांच्या पायांना ते कडवं पाठ असतं.

ऐन वेळी घोळ होतो तो स्पीकरचा. मोठे स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून असतात आणि मागच्या ओळीला ठेका उशिरा, घुमून ऐकू येतो. ती ओळ अर्धी मात्रा मागे पडते आणि बाई विंगेतून हातवारे करत राहतात. मुलांकडे तोंड केलेला एक छोटा स्पीकर बाजूला ठेवला की हे थांबतं. मंडपवाल्याला आगाऊ सांगितलं तर तो देतो.

ड्रेपरी (भाड्याचे पोशाख) नोव्हेंबरअखेर सांगून ठेवावी, कारण डिसेंबर-जानेवारीत सगळ्या शाळांची संमेलनं एकदम येतात आणि लहान मापाची धोतरं आधी संपतात. मुलींसाठी शिवलेलीच नऊवारी मागावी. नेसवायला बसलं तर एकीला दहा मिनिटं जातात.

वेळेचंही बघावं. 5 मिनिटांच्या कार्यक्रमाला चढ-उतार धरून साडेसात मिनिटं जातात, म्हणजे अडीच तासांत 20 च्या वर कार्यक्रम बसत नाहीत. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे उघड्या मैदानावर रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक चालत नाही आणि उशीर झाला की कात्री शेवटच्या वर्गांवर पडते. हक्कांबाबत मात्र शाळेला सवलत आहे: 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 नुसार शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी केलेलं सादरीकरण उल्लंघन ठरत नाही. गाणं रेकॉर्डवर वाजवायचं असेल तर प्रेक्षक शाळेतले, पालक आणि शाळेशी संबंधितच असावे लागतात. व्हिडिओ यूट्यूबवर टाकणं या सवलतीत बसत नाही, म्हणून कधी कधी त्याचा आवाज बंद होतो.

आवाज मंचावर परत आणायचा तर कोळीनृत्यासारखा सोपा कार्यक्रम नाही. चाळीसपैकी 20 मुलं टोपल्या आणि वल्ही घेऊन नाचणारी, 12 मंचालगत खाली, डाव्या बाजूला दोन ओळींत बसून गाणारी, आठ टाळ-खंजिरी घेऊन त्यांच्या शेजारी. गाणाऱ्यांसमोर दोनच माइक, बसलेल्या मुलांच्या हनुवटीच्या उंचीवर आणि हातभर लांब. तोंडाजवळ दिला तर एकाचाच आवाज येतो. पट्टी मुलांच्या गळ्याला जुळेल अशी, म्हणजे काळी चार-पाचच्या (पेटीवरच्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीच्या) आसपास धरावी. मोठ्यांच्या काळी एकमध्ये खालचे सूर मुलांना लागत नाहीत. नाचणाऱ्यांनीही धृपद म्हणायचं, कडवं गाणाऱ्यांनी, म्हणजे नाचताना दम लागला तरी गाणं तुटत नाही.