ध्येय कुणाचं? केसपेपरवर रुग्णाचा शब्द कसा आला

पक्षाघातानंतर वॉर्डात असलेल्या एका बाईंच्या केसपेपरवर लिहिलेलं असतं, 'आठवड्याअखेर आधाराने दहा मीटर चालणे'. त्यांना विचारावं तर त्या म्हणतात, 'रात्री कुणाला न उठवता संडासला जाता आलं की झालं.' अंतर कदाचित तेवढंच भरेल, पण काम निराळं आहे. त्यात अंधार आहे, घाई आहे, दाराची कडी आहे, कपडे सावरणं आहे. ही दुसरी मागणी कागदावर यायला बरीच वर्षं गेली.

आजार किंवा इजेनंतर माणसाला पुन्हा रोजचं जगणं जमावं यासाठीच्या उपचारांना, म्हणजे पुनर्वसनाला, वेग आला तो दुसऱ्या महायुद्धात. इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल इथे १९४४ मध्ये लुडविग गुटमान यांनी मज्जारज्जूला इजा झालेल्यांसाठी विभाग उघडला. असे रुग्ण तोवर बेडसोर आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत. गुटमान यांनी त्यांना कुशीवर वळवत ठेवलं, खेळायला आणि काम शिकायला लावलं. काय साधायचं ते मात्र डॉक्टर ठरवत. जिथे जीव वाचणं हीच बातमी होती, तिथे ते फारसं खटकलंही नसावं.

पुढे मोजमाप आलं. रोजची कामं रुग्णाला किती जमतात ते मोजणाऱ्या, १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या बार्थेल निर्देशांकात जेवणाला १०, आंघोळीला ५, जिना चढण्याला १० असे गुण होते, एकूण १००. पूर्ण १०० गुण मिळवणारा माणूस एकटा राहू शकेलच असं नाही, त्याला कदाचित स्वयंपाक किंवा घरकाम जमणार नाही, हे ती मोजपट्टी करणाऱ्यांनीच सांगून ठेवलं होतं. वॉर्डात गुण राहिले आणि ही सूचना विसरली गेली, असं मला वाटतं.

१९६८ मध्ये अमेरिकेत किरेसुक आणि शर्मन यांनी मानसिक आरोग्यसेवेसाठी निराळी पद्धत मांडली. तिच्यात प्रत्येकाची ध्येयं वेगळी असतात. अपेक्षित तेवढं साधलं तर शून्य, त्याहून बरं झालं तर अधिक एक किंवा दोन, कमी पडलं तर उणे. पुढे ती पुनर्वसनातही रुळली. पण ध्येय कुणी सांगायचं हा प्रश्न पद्धतीने सुटत नाही. थेरपिस्टने एकट्याने तक्ता भरला तरी तो भरतोच.

त्या प्रश्नाला खरा धक्का रुग्णालयाबाहेरून बसला. पोलिओमुळे मानेखाली जवळजवळ लुळे झालेले एड रॉबर्ट्स यांना कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्याने सुरुवातीला शिक्षणासाठी मदत नाकारली होती. हे कधी नोकरी करणार नाहीत, असा शेरा मारून. ते बर्कलीत शिकले, १९७२ मध्ये तिथल्या स्वतंत्र जीवन केंद्राच्या उभारणीत पुढे राहिले आणि १९७५ मध्ये त्याच खात्याचे संचालक झाले. त्यांच्या चळवळीचं म्हणणं सरळ होतं: स्वावलंबन म्हणजे सगळं स्वतःच्या हाताने करणं नव्हे, आपल्या आयुष्याचे निर्णय आपण घेणं. शर्टाची बटणं लावण्यात पाऊण तास घालवायचा की ते काम मदतनीसावर सोपवून कामाला निघायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

हा विचार रुग्णालयाच्या कागदपत्रांत हळूहळू झिरपला. १९९१ मध्ये कॅनडाच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टांनी (रोजची कामं पुन्हा जमावीत यासाठी मदत करणाऱ्यांनी) आणलेल्या साधनात अडचणी रुग्णच सांगतो. त्यांतल्या फार तर पाच निवडून, त्या आपल्याला किती जमतात आणि त्यात किती समाधान आहे, याला दहापैकी गुणही तोच देतो. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणाने शरीरातल्या बिघाडाबरोबर सामाजिक सहभाग आणि भोवतालची परिस्थितीही मोजायला घेतली.

इतकं होऊनही पुरावा पातळच आहे. एका विषयावरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात ३९ अभ्यास तपासले गेले. ध्येयनिश्चितीने जगण्याची गुणवत्ता आणि आत्मविश्वास काहीसा वाढत असावा असं दिसलं, पण पुराव्याचा दर्जा फार कमी ठरला. प्रत्यक्षातही अडचणी आहेतच. पहिल्या आठवड्यात रुग्णाला पुढे काय शक्य आहे याचाच अंदाज नसतो. मग तो 'पूर्वीसारखं व्हायचंय' एवढंच म्हणतो आणि राउंडच्या घाईत थेरपिस्ट स्वतःचं वाक्य लिहून मोकळा होतो. वाचा गेलेल्यांसाठी काही ठिकाणी चित्रांची कार्डं वापरतात. चालणं, वाचणं, फोन, बागकाम अशी चित्रं समोर ठेवायची आणि रुग्ण कुठलं चित्र 'हवं' च्या बाजूला सरकवतो ते पाहत थांबायचं.